वजा निळा

"वहिनी, बर्नर पेटलाय का?"

"नाही. पेटव ना आता, किती वेळ लावतेस!"

डॉ. हेमांगी सरनाईकांनी वहीत नोंद केली. बर्नर केव्हाच पेटलेला होता. पुण्याच्या अन्नपरीक्षण प्रयोगशाळेतल्या त्या लख्ख उजेडाच्या खोलीत, काळ्या पाठीच्या काचेच्या पेटीत, निळी ज्योत सरळ उभी होती आणि प्रतिमावहिनी थेट तिच्याकडेच बघत होती. वहिनीचा उजवा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये होता.

"आता पेटीकडे नको, त्या खिडकीच्या कोपऱ्याकडे बघ."

वहिनीनं मान वळवली आणि ती दचकली. "अगं, पेटलाय की!" तिनं पुन्हा पेटीकडे नजर टाकली. "विझला."

"विझला नाहीये, वहिनी."

प्रतिमा सरनाईक हेमांगींच्या थोरल्या भावाची बायको. दिवसभर पडद्यासमोर बसून भाषांतरं करायची आणि संध्याकाळी डोळे चोळत उठायची. कुणीतरी 'नेत्रगोजी' सुचवली. लाल, सुकवलेली, मनुक्यांसारखी फळं. वर्षभर ती रोज मूठभर खात होती. डोळ्यांची जळजळ थांबली, अक्षरं स्वच्छ दिसू लागली. मग मागच्या आठवड्यात दूध उतू गेलं, गॅस विझला असं समजून तिनं फडक्यानं बर्नर पुसायला घेतला. फडकं पेटलं. आधी आच लागलीच असणार, पण ती म्हणाली, "जळत नाहीये हे दिसत होतं ना मला डोळ्यांनी."

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात तिच्या शेजारच्या दोन खाटांवरच्या बायकाही नेत्रगोजी खाणाऱ्या निघाल्या. तेव्हा हेमांगींना शंका आली. आता शंका उरली नव्हती. राग होता.

हेमांगींच्या तक्रारीवरून खाद्यपदार्थांचे दावे तपासणाऱ्या अन्नदावा मंडळानं सुनावणी ठेवली, तिला डॉ. त्र्यंबक उपासनी एकटेच आले. नेत्रगोजीचे जनक तेच, आणि ती विकणाऱ्या 'अरुणिमा' कंपनीचे मालकही तेच. आल्या आल्या त्यांनी खिशातून लाल फळांची डबी काढून टेबलावर ठेवली आणि दोन फळं तोंडात टाकली.

"मी स्वतः तीन वर्षं खातोय," ते म्हणाले. "सरनाईकबाईंना काय विचारायचंय ते विचारू द्या."

अध्यक्षा इंदुमती गव्हाणे आयुष्यभर ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकून निबर झालेल्या होत्या. "आधी मला समजेल असं सांगा," त्या हेमांगींना म्हणाल्या. "गोजी बेरी वाईट आहे का?"

"साधी गोजी वाईट नाही, बाई. तिच्यात थोडी जीवनसत्त्वं असतात, तंतू असतात, साखरही बरीच असते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी. बाकी शंभर वर्षं जगवणं, कर्करोग पळवणं, हे सगळं जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून आलंय. पण तिच्यात जियाझँथिन नावाचं एक पिवळं रंगद्रव्य असतं. ते मक्यातही असतं, अंड्याच्या बलकातही असतं. ते डोळ्यात जाऊन दृष्टिपटलाच्या मध्यावर साठतं. त्या जागेला पीतबिंदू म्हणतात. आपण जिथे रोखून बघतो, ते चित्र तिथे पडतं."

"साठून काय करतं?"

"निळा प्रकाश अडवतं. पिवळा चष्मा घातल्यासारखं."

"आणि निळा प्रकाशच पडद्यासमोर डोळ्यांना त्रास देतो," उपासनी मध्येच म्हणाले. "तो अडला की चकाकी कमी होते, अक्षरं ठळक दिसतात. आमचा दावा शब्दशः खरा आहे. याच मंडळानं तो मान्य केलाय."

"दावा खराच आहे," हेमांगी म्हणाल्या. "त्यातच तर घात आहे. साध्या फळातून थोडंसं रंगद्रव्य येतं आणि हळूहळू निघूनही जातं. यांनी फळाची जनुकं बदलून दोन गोष्टी केल्या. रंगद्रव्य कितीतरी पटींनी वाढवलं, आणि त्याला जोडून एक बंधक प्रथिन घातलं. ते रंगद्रव्याला पीतबिंदूत धरून ठेवतं, सोडतच नाही. रोज थर चढत जातो. वर्षभरात नजरेच्या मध्यावर निळा जवळपास शून्य होतो. कडेनं दिसतो, पण रोखून बघितलं की नाहीसा होतो."

"मग माणसाला कळत कसं नाही?"

"कारण ते सावकाश होतं. मेंदू रोज थोडं थोडं जुळवून घेतो. पांढरं पांढरंच वाटत राहतं, आभाळाचा रंग कडेच्या नजरेवरून भरून काढला जातो. पण काळोख्या पार्श्वभूमीवर जे फक्त निळं असेल, ते भरून काढायला काही उरत नाही. गॅसची ज्योत तशीच असते."

उपासनी हसले. "भाजलेल्या तीन बायका! त्यातली एक बाईंची सख्खी वहिनी. याला विज्ञान म्हणायचं?"

"मग इथेच तुमची चाचणी करू या. बर्नर आणलाय मी."

"मी सर्कशीत आलेलो नाही." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "माझे डोळे उत्तम आहेत. चष्म्याशिवाय वाचतो. तुमचा चष्मा केवढा जाड आहे, बाई? इतके दिवस माझी फळं खाल्ली असती तर—"

"तर आज माझा हात भाजला असता."

अध्यक्षांनी दोघांनाही गप्प केलं. निकाल दुपारनंतर आला. दावा खोटा नसल्यामुळे बंदी घालता येत नाही. मात्र प्रत्येक खोक्याच्या दर्शनी भागावर इशारा छापावा: 'या फळाच्या सेवनाने निळा रंग व गॅसची ज्योत दिसेनाशी होते.' अक्षरं किती मोठी असावीत तेही ठरवून दिलं. नवा खोका हेमांगींनी तपासून मंजूर केल्याशिवाय माल बाजारात जाणार नव्हता.

"इशारा!" घरी वहिनी म्हणाली. "विडीच्या बंडलावर असतो तसा? कोण वाचतं गं ते?"

"वाचतील. मोठ्या अक्षरात आहे."

"माझी दृष्टी परत येईल ना?"

हेमांगींनी तिचं बँडेज नीट केलं. त्यांना खोटं बोलवेना. "प्रथिन किती वर्षं टिकतं ते अजून कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. वहिनी उठून आत गेली.

खोका तपासायला हेमांगी अरुणिमाच्या कारखान्यात गेल्या, तेव्हा उपासनींच्या खोलीतून ओरडण्याचा आवाज येत होता. दार उघडंच होतं. छपाई विभागाचा प्रमुख बेर्डे खाली मान घालून उभा होता आणि टेबलावर तीन काळे खोके मांडलेले होते.

"तिसरा नमुना, बेर्डे! तिसरा! आणि पुन्हा तेच. माल गोदामात सडतोय, आणि तू मला कोरे खोके दाखवतोस?"

"साहेब, छापलंय हो. पहिल्यावरही छापलं होतं."

"मला डोळे नाहीत का?" उपासनींना दारात हेमांगी दिसल्या. "या, बाई. आज तुमची फेरी फुकट. यांना एक ओळ छापता येत नाही."

हेमांगींनी सर्वात जवळचा खोका उचलला. काळ्या चकचकीत पुठ्ठ्यावर, खालच्या अर्ध्या भागात, गडद निळी मोठी अक्षरं होती. इशारा शब्द न् शब्द बरोबर होता. त्यांना तो चष्म्यातून सहज वाचता आला. मग त्यांनी बेर्डेकडे पाहिलं. बेर्डे त्यांच्याकडेच बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"हा रंग कुणी निवडला?" त्यांनी विचारलं.

"मी," उपासनी म्हणाले. "काळ्यावर निळा. मंडळानं अक्षरांचा आकार सांगितलाय, रंग नाही सांगितला. तपासा तुमचा आदेश."

"म्हणजे दुकानात नवीन माणूस वाचेल. पण जो वर्षभर खातोय, ज्याला सर्वात जास्त गरज आहे, त्याला खोका कोराच दिसेल. हे तुम्हाला माहीत होतं. सुनावणीत माझं म्हणणं हसण्यावारी नेलंत आणि इथे येऊन त्याच्यावरच रंग बेतलात."

"कायद्यात बसतं ते."

"बसतं. आणि उत्तम छापलंय."

"काय?"

"उपासनी, इशारा छापलेला आहे. तिन्ही खोक्यांवर."

त्यांनी खोका हिसकावून घेतला, उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. अंगठ्यानं पृष्ठभाग घासला. "नाटकं करताय. दोघं मिळून."

"साहेब, खरंच—" बेर्डे म्हणाला.

"तू गप्प बस!"

"खोका असाच हातात धरा," हेमांगी म्हणाल्या. "आणि माझ्याकडे बघा."

"कशाला?"

"इतके दिवस माझा राग आहे ना? मग बघा की माझ्या तोंडाकडे."

उपासनींनी मान वर केली आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्या नजरेत निव्वळ द्वेष होता. मग ती नजर हलली. त्यांनी झटकन खाली पाहिलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. त्यांनी खोका थोडा वर धरला.

"ज्याला गरज त्यालाच दिसत नाही, तो इशारा मी मंजूर करणार नाही," हेमांगी म्हणाल्या. "पांढऱ्यावर काळ्या अक्षरात छापा आणि मग बोलवा."

त्यांना वाटलं, आता हा माणूस ओरडेल, निदान तोंड तरी फिरवेल. पण उपासनी डोळे न हलवता त्यांच्याकडेच बघत उभे राहिले. त्यांचे ओठ हळूहळू हलत होते. खोक्यावर काय लिहिलंय ते त्यांना तिकडे न बघता, नजरेच्या कडेनंच वाचता येत होतं.