त्या रूममध्ये तू एकटीच होतीस

वाचून कुणाला हसायचं असेल तर हसा. मी जे पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच लिहिते आहे. यातलं फक्त केडगावच्या बाईंचं नाव बदललंय. बाकी सगळं जसंच्या तसं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. मागच्या वर्षीची, संक्रांत होऊन गेल्यावरची. शिरूरमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीतली.

मी सायली. रांजणगावला एका कंपनीत परचेसला होते. आमचं युनिट दुसऱ्या राज्यात हलवलं आणि आम्हाला घरी बसवलं. सोबतच्या मुली कुणी चाकणला गेल्या, कुणी लग्न करून गेल्या. मी शिरूरलाच राहिले.

कासुर्डीला आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी काही सांगितलंच नाही.

आई लहानपणीच गेली. आण्णांनी फुलशेती करून मला शिकवलं. गावात कुणीही विचारलं की ते छाती काढून सांगायचे, "आमची सायली कंपनीत हाय." ते मी कोणत्या तोंडानं मोडणार होते?

सकाळी मी आवरून बसायचे. कुठं जायचं नसायचं, तरी.

मग दिवसभर लॅपटॉप. लिंक्डइनवर प्रोफाइल सुधारायचं. अनोळखी लोकांना रिक्वेस्ट पाठवायची. कुणाचं प्रमोशन झालं की "अभिनंदन सर" लिहायचं. पाचशेच्या वर कनेक्शन झाली होती माझी. पण एकदा ताप आला, तेव्हा मेडिकलमधून गोळी आणून देणारं एकही माणूस नव्हतं.

असंच शोधता शोधता एक ग्रुप सापडला. पुण्याच्या करिश्मा मॅडम तो चालवायच्या. परचेस आणि स्टोअर्समधल्या लोकांची दर शनिवारी दुपारी ऑनलाइन मीटिंग. शेवटी त्या सगळ्यांच्या जोड्या लावायच्या. एकेका जोडीला स्क्रीनवरच एका वेगळ्या रूममध्ये पाठवायचं. दोघांनी एकमेकांची ओळख करून घ्यायची, थोडं बोलायचं आणि परत मोठ्या मीटिंगमध्ये यायचं.

पहिल्या शनिवारी मला रूममध्ये टाकलं.

स्क्रीन काळी झाली. मग माझ्या शेजारी एक चौकट उघडली.

चौकटीवर नाव नव्हतं.

आत एक माणूस बसला होता. तिशीतला. अंगात निळा कंपनीचा शर्ट, खिशाला पेन. मागं पिवळी, पोपडे आलेली भिंत. त्याचे ओठ हलत होते, पण काही ऐकू येत नव्हतं. मी स्पीकर वाढवला…

"माझा आवाज येतोय का?"

"हो, येतोय," मी म्हणाले.

तो एकदम थांबला. माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"लई दिवसांनी कुणीतरी व्हय म्हणलं बघा."

मला हसूच आलं. नेटवर्कला वैतागलेला दिसतोय, असं वाटलं. त्यानं नाव रोहिदास सांगितलं. स्टोअर्सला होता, दौंडकडचा. साधा माणूस. कुठल्या कंपनीत आहात विचारलं, तर म्हणाला, "सध्या कुठंच न्हाई."

"मग मला कनेक्शन पाठवा ना," मी म्हणाले. "माझ्या ओळखी आहेत थोड्या."

"पाठवतो वो मॅडम. कवाचं पाठवतोय सगळ्यांना. जातच न्हाई."

तेवढ्यात वेळ संपली.

मोठ्या मीटिंगमध्ये परत आल्यावर मला एक गोष्ट जाणवली. खोलीतला पंखा खडखड वाजत होता. खाली कुणीतरी भांडी आपटत होतं. रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

तो बोलत होता तेव्हा यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं…

पण मी ते मनावर घेतलं नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणीतरी, मी काय कामाची आहे याचा अंदाज न घेता बोललं होतं.

पुढचा शनिवार कधी येतो, असं झालं मला.

आला.

पुन्हा तोच समोर. तोच शर्ट. तीच भिंत. खोलीतले आवाज पुन्हा बंद.

या वेळी मी त्याला सगळं सांगून टाकलं. युनिट हललं ते. आण्णांना सांगितलं नाही ते. सकाळी आवरून बसते तेसुद्धा.



"मी बी न्हाई सांगितलं घरी," तो म्हणाला. "काँट्रॅक्ट संपलं. आईला काय सांगू? रोज शर्ट घालून निघायचो. दौंडला जायचो आन् स्टेशनच्या बाकावर बसून राह्यचो. तिथनंच मोबाइलवर लोकांना मेसेज टाकायचो. सर, काही असंल तर बघा. सर, ओळख असू द्या."

"मग? कुणी दिलं का उत्तर?"

त्यानं मान हलवली. नाही अशी.

"एक दिवस असाच बसलो तिथं. छातीत कसंतरी व्हायला लागलं. आन् मग…"



"मग काय झालं?"

"घरच्यांना वाटतंय मी कंपनीत हाय. कंपनीला वाटतंय मी घरी हाय. मधी मी कुठं हाय, ते कुणालाच म्हाईत न्हाई."

 तितक्यात रूम बंद झाली.

करिश्मा मॅडम हसत म्हणाल्या, "सायली, सॉरी हं. आजपण लोकांची संख्या विषम झाली. मागच्या वेळेसारखंच तुला एकटीलाच बसावं लागलं. कंटाळली असशील ना?"

"एकटी कुठं? रोहिदास होते की."

"कोण रोहिदास?"

मी सगळं सांगितलं. शर्ट, पेन, दौंड. त्यांनी शोधून पाहिलं. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या,

"अगं, या नावाचं आपल्यात कुणीच नाही. त्या रूममध्ये तू एकटीच होतीस. दोन्ही वेळेला."

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. पुन्हा मीटिंगला जायचंच नाही, असं ठरवलं. शेजारच्या शितलताईंना सांगावं वाटलं, पण त्यांची माझी ओळख जिन्यात हसण्यापुरतीच होती. काय सांगणार?

आणि शनिवारी मी पुन्हा लॅपटॉप उघडला.

का, ते मला आजही सांगता येत नाही. भीती वाटत होतीच. पण तो माझ्यासाठी थांबला असेल, असंही वाटत होतं. माझी वाट बघणारं दुसरं कोण होतं?

रूम उघडली. तो होता.

पण भिंत नीट दिसत नव्हती. त्याचा चेहराही. ऊन जास्त झाल्यावर फोटो पांढरा पडतो, तसं काहीतरी.

मी घाबरत घाबरत विचारलं, "रोहिदास, तुम्ही कुठं आहात?"

"त्येच तर कळंना, मॅडम."

"मी काय करू तुमच्यासाठी?"

"घरी सांगा."

"कुणाच्या? तुमच्या, का माझ्या?"

तो काहीतरी म्हणाला. आवाज तुटत होता. "केडगाव… स्टेशनच्या पलीकडं… साळूबाई…" एवढंच कळलं. मग चौकट गेली. स्क्रीनवर फक्त मी राहिले. माझाच चेहरा, ओठ कोरडे पडलेला.

आणि पंख्याची खडखड एकदम सुरू झाली.

मी तशीच उठले आणि आण्णांना फोन लावला. रडत रडत सांगितलं. नोकरी गेली, लई दिवस झाले, मी खोटं बोलत होते.



मग आण्णा म्हणाले, "जेवलीस का?"

"नाही."

"येतो मी. सामान बांध."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकल घेऊन आले.  माझ्या डोक्यावर हात ठेवला. न्हावऱ्याच्या रस्त्यानं आम्ही निघालो. केडगाव वाटेवरच होतं. तिथं थांबायला सांगितलं, तेव्हा त्यांना रोहिदासचंही सांगावं लागलं. मला वाटलं, चिडतील. ते एवढंच म्हणाले, "इच्यारायला काय जातंय?"

स्टेशनच्या पलीकडं पोपटराव म्हणून एक गृहस्थ भेटले. आण्णांनी साळूबाईंचं घर विचारलं.

"माझ्या शेजारीच हाय. काय काम?"

"पोरगा रोहिदास… ओळखीचा हाय पोरीच्या."

पोपटरावांचा चेहरा बदलला. "कवाची ओळख?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. 

"दिवाळीपासनं त्याचा पत्ता न्हाई," पोपटराव हळू आवाजात म्हणाले. "पोलिसात दिलंय. कंपनीत गेलो, तर म्हणं कामावरनं कवाच कमी केलाय. काय झालं, कुठं गेला, देव जाणे. म्हातारीला काय पटत न्हाई. म्हणती, पोरगा फोन करतो. आम्ही बसलोय की तिच्याजवळ. कवा फोन वाजलेला ऐकला न्हाई."

घर पत्र्याचं होतं. दारात तुळस. साळूबाई बाजेवर बसल्या होत्या. मांडीवर साधा, बटणांचा मोबाइल.

रोहिदासचं नाव ऐकताच त्यांनी माझा हात धरला. "कामावर असतीस व्हय गं त्याच्यासंगं? बरं हाय ना त्याचं? सुट्टीच न्हाई म्हणं देत त्याला."



"फोन करतो दर शनवारी. पर माझ्या कानाला आता कळत न्हाई. तू बघ बरं, काय म्हणतोय…"

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

रविवार होता. फोन वाजला नव्हता. स्क्रीन काळी होती.

मी तो कानाला लावला. म्हातारीचं मन राखायला.

दारातली कोंबडी, पलीकडची मालगाडी, आण्णांचा खोकला… सगळं एका क्षणात थांबलं.

आणि अगदी कानाशी, हलक्या आवाजात,

"राहू द्या मॅडम. आईला नका सांगू."

मी मोबाइल कानावरून खाली घेतला. साळूबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. किती आशेनं बघत होत्या, ते मी लिहू शकत नाही.

"बरा आहे म्हणतो," मी म्हणाले.

त्या हसल्या. आत जाऊन त्यांनी आम्हाला चहा केला. आम्ही निघताना त्यांनी माझा नंबर पोपटरावांच्या पोरीकडून मोबाइलमध्ये घालून घेतला; त्यांचा आणि पोपटरावांचा मी घेतला.

मला पुढं नोकरी लागली. कुरकुंभला. करिश्मा मॅडमनीच ओळख काढून दिली. आता मी कासुर्डीहून रोज ये-जा करते. ग्रुप मात्र सोडला.

साळूबाईंना मी दर शनिवारी फोन करायचे. त्या विचारायच्या, "काय म्हणला गं?" मी सांगायचे, "बरा आहे." दुसरं काय करणार होते? त्याचं पुढं काही कळलंच नव्हतं. आजही नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी फोन लावला, तर त्या घाईत होत्या. आवाज इतका आनंदी, की मी ओळखलाच नाही.

"आता तू नको सांगत बसू बाई. मला येतंय ऐकू."

मागं कुणीतरी हातपाय धूत होतं. पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज स्पष्ट आला…

"ठेवते गं. पान वाढायचंय."

मी घाबरून पोपटरावांना फोन केला. "जाऊन बघा," मी म्हणाले. त्यांनी लगेच जाऊन पाहिलं.

"म्हातारी एकटीच हाय," ते म्हणाले. "तब्येत चांगली हाय. उलट जेवाय लागलीय आता." मग थोडं थांबून म्हणाले, "पर एक हाय. रोज दोन ताटं घासती. आमच्या बायकोनं बघितलंय. दोन्ही खरकटी असत्यात."

मी फोन करणं बंद केलंय. कामावर जाताना गाडी केडगाव-चौफुल्याला थांबते. लोक चढतात, उतरतात.

शेजारची सीट रिकामी असली, तर मी तिथं पटकन माझी बॅग ठेवते.