सर्व्हेवाले देगलूरकर

मला पाहायला आलेला पहिला पाहुणा मुळी मला पाहायला आलाच नव्हता!

त्याचं असं झालं... साल अठ्ठ्याऐंशी, कापूस वेचणीचे दिवस. तलमडुगूकडच्या आमच्या गावात एक चष्मेवाला तरुण उतरला आणि आमच्या ओट्यावर येऊन टेकला. बाबांना विचारू लागला – मुलगी किती वर्षांची, किती शिकली, शेत किती, घरात कोण कोण. बाबा काय खुलले म्हणता! मायनं घाईघाईनं मला नवी साडी नेसवली, हातात चहा दिला. मी मान खाली घालून पुढं गेले, तर हा पठ्ठ्या मान खाली घालून लिहितोय.

"सातवीनंतर शाळा का सोडली?"

"गावात पुढं शाळाच नाई. काऊन, तुमाले दहावी झालेली पायजे का?" मी फणकारले.

बिचारा गडबडला. "अहो, नाही... मी मुकुंद देगलूरकर. हैदराबादला समाजशास्त्र शिकलो. मुलींच्या शाळांचं धोरण ठरवायच्या आधी सरकारला आमच्या संस्थेकडून पाहणी हवीय."

मायनं कपाळावर हात मारला. मला हसू आवरेना आणि चहा सांडला तो त्याच्या कागदांवर.

बाया परक्या पुरुषाशी बोलेनात, म्हणून बाबांनी मला त्याच्यासोबत धाडलं. शेजारची राहीकाकू सोबतीला होतीच, पण तिचे गुडघे दुखायचे, ती मागं राहायची. आम्ही दोघं कपाशीतून पुढं...

"साऱ्यायले विचारता, लग्न कवा झालं. तुमचं झालं का?"

"विचारणाऱ्यानं आपलं सांगायचं नसतं."

"वा रे वा! आमचं सारं उघडं अन् तुमचं झाकून?"

तो हसला. "नाही झालं –" हळूच म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

एकदा माझ्या वेणीत कापूस अडकला. त्यानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

"काढा ना. का सरकारले विचारून काढता?"

त्यानं काढला. एक केसही ओढला नाही. त्या दिवसापासून मी वेडी झाले, दुसरं काय सांगू!

आणि तेवढ्यात निर्मल गावाहून स्थळ आलं. लाकडी खेळण्यांचं दुकान होतं त्यांचं. त्याच दुपारी बाबांनी देगलूरकरांना बोलावून घेतलं.

"सायेब, पोरगी द्यावी का थांबावं? थांब म्हणान तं थांबतो मी. तुमी शिकले-सवरलेले, तुमीच सांगा."

मी दाराआड उभी. बोल रे माणसा, बोल...

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "लक्ष्मणराव, मी सल्ला देऊ शकत नाही. मी फक्त माहिती गोळा करतो. धोरण सरकारनं ठरवायचं. घरातलं तुम्ही."

बाबांनी त्याच आठवड्यात सुपारी फोडली.

तो निघाला तेव्हा मी राहीकाकूला घेऊन बसच्या थांब्यावर गेले. काकू लांब लिंबाखाली बसून राहिली.

"देवका –" त्यानं पिशवी खाली ठेवली. "थांबा म्हणालो असतो, तर ते अभ्यासातून आलं असतं की माझ्या मनातून, मलाच कळेना. मला तू... फार आवडतेस. म्हणूनच बोलता येईना."

"आवडते म्हणून गप्प?" माझ्या डोळ्यांना धार लागली होती, तरी भांडले मी. "अवो, बाबानं तुमाले इचारलं होतं! सोताच्या मतलबानं बोलले असते तं काय आभाळ कोसळलं असतं?"

बस आली, तो चढला.

माझा नवरा चांगला आहे हो, उगाच कशाला खोटं बोलू? पण उणीव ती उणीवच.

पुढं काही वर्षांनी गावात दहावीपर्यंत शाळा झाली. मुलींची लग्नं शाळा नाही म्हणून लवकर होतात, हे देगलूरकर साहेबांनी लिहून दिलं, वर सरकारशी भांडून पटवलं, असं बाबाच कौतुकानं सांगत होते. माहेरी गेले की मी त्या शाळेच्या फाटकाशी उभी राहते. दोन वेण्या घातलेल्या पोरी गलका करत बाहेर पडतात. जीव सुखावतो, आणि लगेच दुखतोही.

एवढ्या मोठ्या सरकारला सांगितलं त्यानं, पोरींची लग्नं थांबवा म्हणून. माझ्या बाबांना तेवढं सांगवलं नाही त्याला.