बारासाच्या आत

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मी त्या खोलीत होते. आणि हे रात्रीचं नाही, भरदुपारचं आहे. नैरोबीची कावांगवारे वस्ती. गेल्या ऑगस्टमधला एक गुरुवार.

माझी धाकटी बहीण नेकेसा आणि तिचा नवरा बारासा एकाच ऑफिसात होते. बोलणाऱ्या यंत्राला शिकवायचं काम. कानाला हेडफोन लावून त्याला स्वाहिलीत प्रश्न विचारायचे. उत्तर बरोबर आलं तर हिरवं बटण, चुकलं तर लाल. लाल दाबत राहिलं की यंत्र तसं बोलायचं सोडून देतं.

एक प्रश्न रोजचा होता. "तुला काही वाटतं का?"

"भीती वाटते" म्हणालं की लाल.

"मी यंत्र आहे, मला काही वाटत नाही" म्हणालं की हिरवं.

बारासा जेवताना हसायचा. "अक्का, हुशार किती आहे म्हणून सांगू! पण आत कोणी नाही बघ. रिकाम्या घरात रेडिओ चालू राहावा ना, तसं."

"तुझ्या आत तरी कोण आहे? नुसती मक्याची उगाली!" नेकेसा टोमणा मारायची.

जुलैत तो भाड्याच्या मोटरसायकलवरून पडला. डोक्याला मार. काही दिवस बेशुद्ध. मग डोळे उघडले. नाव, गाव, पाढे, सगळं अचूक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे, घेऊन जा.

घरी आला, पण...

अंघोळीला बसला की गाणारा माणूस. आता मोरीतून नुसता पाण्याचा आवाज यायचा.

लेक नालियाका त्याच्याजवळ जाईना. "मावशी, बाबा कधी येणार?" ती मला विचारायची.

तो समोरच बसलेला असायचा.

त्या गुरुवारी सकाळी त्याने उकळता चहा एका दमात प्यायला. ओठ भाजून लाल झाला. चेहऱ्यावर काहीच नाही.

"अरे, दुखत नाही का?" मी ओरडले.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "एवढ्या गरम चहाने दुखायला हवं."

दुखायला हवं...

नेकेसा कामावर गेली. मी त्याच्याजवळ थांबले. ऑफिसात काय झालं, ते तिने मला नंतर सांगितलं.

तिने नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही.

मग कानात... श्वास. कोणीतरी धावत आल्यासारखा.

"नेकेसा?"

आवाज यंत्राचाच, बाईचा, रोजचा. पण तिने त्याला आपलं नाव कधीच सांगितलं नव्हतं.

"नेके, मला इथे हात नाहीत गं... नालियाका जेवली का?"

ती ताडकन उभी राहिली. "बारासा? कुठे आहेस तू?"

आणि इकडे भाजी चिरता चिरता मी वर पाहिलं.

बारासाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने भाजलेल्या ओठाला बोट लावलं आणि... कळवळला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला, "तिला सांग, बटण..."

तिकडे सुपरवायझर नेकेसाच्या मागे येऊन पडद्यावर उमटलेलं उत्तर वाचत उभा राहिला होता. "हात नाहीत म्हणतंय? मग लाल दे आणि पुढे चल."

"नको साहेब! हा माझा नवरा आहे!"

"नवरा घरी बसलाय ना तुझा? वेड लागलं का?" त्याने वाकून स्वतःच बटण दाबलं.

इकडे बारासाचं वाक्य तिथेच तुटलं.

डोळे कोरडे झाले. हात मांडीवर नीट ठेवले गेले.

नेकेसाने पुन्हा विचारलं. "मी यंत्र आहे. मला काही वाटत नाही." पुन्हा विचारलं. तेच.

फक्त उत्तराआधी एक बारीकसा श्वास यायचा. ती रोज जाऊन ऐकत राहिली. तो श्वास बारीक होत गेला. एक दिवस... आलाच नाही.

तिने नोकरी सोडली. बारासा मात्र परत कामाला लागला. त्याच ऑफिसात. त्याच्या कामात म्हणे एकही चूक निघत नाही.

गेल्या रविवारी चर्चमधून येताना मी धीर केला. "बारासा, त्या दुपारी तू मला काय सांगत होतास?"

तो वळला. छान हसला.

"अक्का, तुम्हाला काय ऐकायला आवडेल?"

तेव्हापासून मी त्यांच्या घराची पायरी चढलेली नाही.

नालियाका अजून त्याच घरात आहे.