घरी आली की पिवळी

"माझ्या लेकीला घरातलंच कुणीतरी काहीतरी पाजतंय," पोरीची आई म्हणाली आणि रडूच लागली.

भिंगताईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचे थोरले भाऊ, मास्तर, बिस्किट चहात बुडवून विसरले. लहानपणी ही जोडी गल्लीतली हरवलेली मांजरं शोधायची. आता माणसांच्या भानगडी.

मुलगी तीन वर्षांची, कर्करोगाची औषधं चालू. इस्पितळात तिचं यकृत तो ताण सोसायचं. घरी आली की सुजायचं, डोळे पिवळे व्हायचे. कारण सापडेपर्यंत डॉक्टरांनी उपचार थांबवले होते.

"आणि गाठ काही तोवर वाढायची थांबणार नाही," आई म्हणाली.

"संशय कुणावर?"

"सासूबाई. काढ्यांचा भारी नाद!"

दोघं तिच्याबरोबर घरी गेली.

"काढा? शपथेवर सांगते, नाही!" आजी उसळल्या. "पहाटे नुसती जवळ बसते. गेल्या उन्हाळ्यात पोर घरभर धुडगूस घालायची हो. ती घरी असली की तेवढंच घर पूर्वीसारखं वाटतं."

"दुपारी मी असतो," बाबा म्हणाले. "ताप? छे! ताप आला तर लगेच इस्पितळात न्यावं लागतं."

"आणि रात्री मी," आई म्हणाली.

मास्तर मुलीशी बोलायला वाकले. तिने लगेच आ केला. त्यांनी बिस्किट पुढे केलं, तिने ढकललं.

भिंगताई घरभर हिंडल्या. तापमापीचं खोकं अजून बंदच. एक चमचा आईच्या उशीखाली, एक बाबांच्या खिशात, एक आजींच्या शिवणाच्या टोपलीत. तिन्ही नारिंगी, चिकट.

"पसारा आहे झालं," मास्तर म्हणाले.

"दादा, पसारा लपवून ठेवतात का? कुणीही वाकलं की पोरगी आ करते, पण खाऊ नको म्हणते. म्हणजे येईल तो औषधच पाजतो. नारिंगी, गोड, तापाचं. ताप मोजायची हिंमत कुणालाच नव्हती. मोजला तर तिला न्यावं लागलं असतं. एका चमच्याने काय होतंय म्हणून प्रत्येकाने चोरून एकच चमचा दिला. पोटात तिन्ही गेले. आधीच दमलेलं यकृत, त्यावर हा मारा! शिवाय ताप झाकला गेला, तो धोका वेगळाच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्हीपण?" आईने सासूबाईंना विचारलं.

आईने लेकीच्या मानेला हात लावला. "तापलीय," ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली.

बाबा गाडीकडे धावले. आजी चपला न घालताच मागोमाग.

यकृत हळूहळू सावरलं, उपचार पुन्हा सुरू झाले. आता अंग जरा कोमट लागलं, की त्या घरात तिघंही एकदम ओरडतात. शेजारी पार वैतागलेत.