यवतमाळचं कोलोसियम

समोर कोलोसियम उभं होतं.

अर्पिता भर रस्त्यात थांबली. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तरी तिला हलायचं सुचलं नाही. ज्या रोमन क्रीडागाराचा अंडाकार ती कॉलेजात इतिहास शिकवताना दरवर्षी फळ्यावर काढायची, ते बांबू, प्लायवूड आणि रंगीत कापडाचं होऊन दुर्गोत्सव मंडळाच्या मैदानात तीन मजले वर गेलं होतं. यवतमाळात नवरात्राचे देखावे मोठेच असतात. मागच्या वर्षी इथं राजवाडा होता. पण रोम?

खरा धक्का पुढेच होता. परांचीवर उभा एक तरुण खालच्या माणसांना ओरडून सांगत होता, "तोड! डावीकडचा अजून एक मजला तोड!"

"अहो, थांबा! चांगलं बांधलेलं तोडताय कशाला?"

त्यानं वाकून पाहिलं. "फोटोत तुटलेलंच आहे."

"ते भूकंपात पडलंय! पडलेले दगड लोकांनी महाल आणि चर्च बांधायला नेले. मुळात ते पूर्ण होतं."

तो सरसर खाली उतरला. केसांत लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल. "म्हणजे मी सकाळपासून भूकंप करून राह्यलो?"

अर्पिताला हसू आवरलं नाही. तोही हसला… आणि मग दोघंही जरा जास्तच वेळ हसत राहिले.

"पण मॅडम, पूर्ण बांधलं तर लोक ओळखणार नाहीत. म्हणतील, रजतनं पाण्याची टाकी बांधली."

"मग तुटकंच ठेवा."

"तुम्ही म्हणता तर ठेवतो," तो म्हणाला, जणू काही हे तिच्याच हातात होतं.

देखाव्यासोबत लाउडस्पीकरवर माहिती वाजवायची मंडळाची पद्धत होती. निवेदन तिनंच लिहावं, तिच्याच आवाजात असावं, असं रजतनं तिथंच ठरवून टाकलं. मंडळाचे अध्यक्ष शंकरसिंग राठोड यांनीही मान डोलावली. "मॅडम शिकवतात तर बोलतीन बी चांगल्या."

मग ती रोज कॉलेज सुटलं की मैदानात जाऊ लागली. रजत तिला उलटी बादली पुसून बसायला द्यायचा आणि प्रश्न विचारायचा. दारं किती? ऐंशी, तिनं सांगितलं. बहुतेकांवर आकडे कोरलेले, म्हणून पन्नास हजार माणसं गोंधळ न होता बाहेर पडायची. तिकीट? नाही, फुकट. पुढं सरदार, मागं साधी माणसं, बायका अगदी वर.

"आणि ऊन?"

"वर भलंमोठं कापड ताणायचे. दोरखंड ओढायला खास जहाजावरचे खलाशी असायचे."

रजतचे डोळे चमकले. "म्हणजे तिथंही मंडपवाले होतेच की! मॅडम, आपलं खानदान जुनं निघालं."

"तुमचं. माझं नाही."

"तुमचंही होऊ शकते…" तो म्हणाला, आणि एकदम वर पाहत ओरडला, "ए, तो खिळा नीट ठोक!"

तिचे कान तापले.

तो एक प्रश्न मात्र कधीच विचारत नव्हता. तिथं व्हायचं काय? त्याची समजूत होती, नाटकं होत असतील, कुस्त्या होत असतील. नागपुरात दुसऱ्यांच्या हाताखाली राबून यंदा पहिल्यांदा तो स्वतःच्या नावावर काम करत होता. देखावा गाजला तर यवतमाळात राहणार, नाही तर परत नागपूर. मधल्या अंडाकारात त्यानं नदीची पांढरी रेती पसरली होती. त्या रेतीवर देवी बसणार होती.

अर्पिता दोनदा बोलायला गेली. "रजत, त्या रेतीवर…"

"चमकते ना? तुम्ही या बाजूनं बघा," म्हणत त्यानं तिचं मनगट धरून तिला फिरवलं आणि लगेच हात सोडला. तिचं वाक्य तिथंच राहिलं. उद्या सांगू, असं तिनं स्वतःला दोन्ही वेळा सांगितलं. निवेदनात मात्र सगळं खरं लिहिलं. देखावा पुरा होत आल्यावर रेकॉर्डिंग त्याच्या फोनवर पाठवलं, म्हणजे तो ऐकेल आणि आपोआप कळेल.

त्यानं ऐकलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळ जमलं. आवाज तपासायचा होता. मैदानामागच्या वस्तीतल्या बायकाही आल्या, त्यांच्यातली वडीलधारी रुपीबाई पुढं मांडी घालून बसली. स्पीकरवर अर्पिताचा आवाज घुमला. दारं, कापड, खलाशी… लोक कौतुकानं ऐकत होते. आणि मग:

"या रेतीवर शेकडो वर्षं माणसांना माणसांशी आणि जनावरांशी मरेपर्यंत लढवलं गेलं. बहुतेक गुलाम होते, कैदी होते. लोक टाळ्या वाजवत. रक्त जिरावं म्हणूनच ही रेती होती."

कुणीतरी वायर उपटली.

एका बाईनं रेतीवर टेकलेला पाय झटकन मागं घेतला. शंकरसिंग उभे राहिले, बसले, परत उभे राहिले.

"पोरा… आपण देवी कुठं बसवून राह्यलो?"

रजतचा चेहरा पांढरा पडला होता. तो अर्पितापाशी आला. "तुम्हाला माहीत होतं?"

"रेकॉर्डिंग पाठवलं होतं. तू ऐकलं का नाहीस?"

"सगळ्यांसोबत पहिल्यांदा ऐकणार होतो. तुमचा आवाज…" तो थांबला. "रोज बादलीवर बसून बोलत होत्या. तेव्हा काहून नाही सांगितलं?"

तिच्याकडे उत्तर होतं. ते इतक्या लोकांत देण्यासारखं नव्हतं.

"उतरवा सगळं," शंकरसिंग म्हणाले. "साधा मंडप टाका. उद्या देवी येते."

रजत परांचीकडे वळला. तेवढ्यात रुपीबाईनं अर्पिताला विचारलं, "मारणं बंद झाल्यावर काय झालं वो तिथं?"

"रान उगवलं," अर्पिता म्हणाली. ती शिक्षिका होती. प्रश्न आला की उत्तर द्यायचंच. "जागा ओस पडली आणि तिथं झाडंझुडपं उगवली. चारशेहून जास्त जातींची. काही तर त्या मुलखातली नव्हतीच. म्हणतात, जनावरांच्या चाऱ्यातून दूरचं बी तिथं येऊन पडलं होतं."

"रक्ताच्या जागी?"

"हो. तिथंच."

रजत वळला. रेतीकडे पाहत राहिला. मग शंकरसिंगांना म्हणाला, "काकाजी, घटात आपण माती भरतो, धान्य पेरतो. हा एवढा मोठा घट समजा. रेती काढू, काळी माती भरू, गहू पेरू. नऊ दिवसांत हिरवं होते. त्याच्या मधात देवी बसंन."

शंकरसिंगांनी रुपीबाईकडे पाहिलं. रुपीबाई कमरेला पदर खोचत उठली. "माती कोनाच्या वावरातली आनता?"

"माझ्या," शंकरसिंग म्हणाले.

सकाळी ट्रॅक्टर रिकामे होत होते. अख्खी वस्ती टोपल्या वाहत होती. अर्पितानं निवेदनाचा शेवट नव्यानं रेकॉर्ड केला, आणि ती मातीत उतरली. रजत पाठमोरा ढेकळं फोडत होता. ती जवळ आली, तरी त्यानं पाहिलं नाही.

"मी मुद्दामच सांगितलं नाही," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू दुसरा देखावा घेतला असतास. दुसरा देखावा म्हणजे माझं रोज येणं बंद. म्हणून गप्प बसले. इतिहासाची शिक्षिका असून."

त्याच्या हातातलं फावडं थांबलं. तो तिच्याकडे बघतच राहिला, रेकॉर्डिंग ऐकतानाही इतका हादरला नव्हता.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

"अर्पिता…" पहिल्यांदाच त्याच्या तोंडून नुसतं नाव निघालं. "माझ्याशी लग्न करशील?"

"इथं? मातीत?"

"रेती तर काढली ना."

ती हसली, मग डोळे पुसले, त्यामुळे गालावर मातीचा पट्टा उमटला. "रविवारी दारव्ह्याला आमच्या घरी ये. बाबांशी बोल."

"काय सांगू त्यांना?"

"सगळं खरं. आणि या वेळी सगळं आधीच."

"पेरा बाप्पा लवकर!" रुपीबाई ओरडली. "देवी निंगाली!"

चौकातून ढोल ऐकू आले. रजतनं गव्हाची टोपली उचलून दोघांच्या मधे धरली, आणि दोघं एकाच टोपलीतून मुठी भरत, शेजारी शेजारी पेरत निघाले.