न वाजलेली घंटी

जरा डोळे मिटा पाहू. जुलै महिना आहे, पण पाऊस नाही. आपण पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात आहोत, आणि तिकडे जुलैत कडाक्याची थंडी असते. सकाळ झालीय, तरी उजेड पुरता आलेला नाही. गवताच्या पात्यापात्यावर दहिवर गोठलंय, पिठीसाखर भुरभुरावी तसं. छपरं पांढरी, मोटारींच्या काचा पांढऱ्या. श्वास सोडला की तोंडातून वाफ. दिसतंय? आता समजा, तुमच्या हातात सायकल आहे. कुठेतरी जायचंय, लवकर जायचंय... आणि रस्ता काचेसारखा चमकतोय. जाल?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. मृदुलालाही लगेच देता आलं नव्हतं.

मृदुला मूळची मिरजेची. शिकायला म्हणून इथे आली, शिक्षण झाल्यावर एका बालवाडीत दुपारच्या पाळीला लागली, आणि थोरल्या भावाकडे राहू लागली. भाऊ गुरुदत्त आणि वहिनी दोघंही हॉस्पिटलात कामाला. भल्या पहाटे एकाच गाडीतून निघून जायची. मागे उरायची त्यांची आठ वर्षांची जुई. तिचं आवरायचं आणि तिला शाळेत सोडायचं, हे काम आत्याचं. आत्या गाडी चालवायला अजून शिकत होती, म्हणून दोघी सायकलने जायच्या.

मृदुलाची एक सवय होती. सकाळी उठलं की दारात सडा टाकायचा आणि चार रेघांची का होईना, रांगोळी काढायची.

"इथे कोण बघणार आहे गं?" वहिनी हसायची.

"मी बघते ना," मृदुला म्हणायची.

उन्हाळ्यात ते निभावलं. पण जूनमधल्या पहिल्याच कडक थंडीच्या सकाळी तिने फाटकासमोरच्या फूटपाथवर नेहमीसारखं तांब्याभर पाणी शिंपडलं. बोटं गारठतात म्हणून कोमट घेतलं होतं. घाईघाईने कमळ काढलं आणि चहा ठेवायला आत गेली. थंडीत पाणी गोठतं हे तिला ठाऊक होतं. पण आपण हाताने टाकलेला सडाही गोठेल, हे काही डोक्यात आलं नाही.

बाहेर धप्पकन आवाज झाला.

मृदुला धावली. फाटकापाशी एक निळी सायकल आडवी झालेली, मागचं चाक अजून फिरत होतं. आणि पिवळंजर्द जाकीट घातलेला एक तरुण फूटपाथवर पालथा! कचऱ्याची गाडी मागे लागली म्हणून तो रस्ता सोडून वर चढला होता.

"आय ॲम सो सॉरी! आर यू ओके?"

तो उठलाच नाही. नाकासमोरच्या बर्फाकडे बघत, शांतपणे, चक्क मराठीत म्हणाला, "कमळ आहे ना हे? एक पाकळी कमी पडलीय."

मृदुला बघतच राहिली. "तुम्ही... मराठी?"

"पडताना 'आई गं' म्हणालो की. आणखी काय पुरावा देऊ?"

त्याचं नाव यतीन. पुण्याचा. काही वर्षांपूर्वी शहराला बसलेल्या भूकंपात खिळखिळे झालेले पूल दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता, आणि नदीपलीकडे राहायचा. गुडघा खरचटला होता. मृदुलाने हळद लावली, चहा दिला. चहा फुंकत तो म्हणाला, "चार हिवाळे इथे सायकल चालवतोय. एकदाही पडलो नाही. शेवटी पाय ओढला तो मराठी माणसानेच!"

मृदुला लाजेने लाल झाली. आणि मग दोघंही असे हसले, की जुई खोलीतून विचारायला आली, "व्हॉट्स सो फनी?"

त्या दिवसापासून सडा बंद. रांगोळी मात्र कोरड्या फरशीवर, दाराच्या आत सरकली. आणि यतीनने एक पद्धत सुरू केली. रोज सकाळी कामावर जाताना फाटकासमोर आला की तो घंटी दोनदा वाजवायचा. ट्रिंग – म्हणजे मी आलो. ट्रिंग – म्हणजे पडलो नाही. आतून जुई दुधाच्या वाडग्यावर चमचा आपटून उत्तर द्यायची. मृदुला त्या वेळी खिडकीशी कप विसळत असायची. तोच कप... पुन्हा पुन्हा. आणि यतीन मान वर न करता हसायचा, कारण मान वर केली असती तर तिला आत पळावं लागलं असतं.

रविवारी तिघं नदीकाठी फिरायला जायची. एकदा, यतीन रोज ज्यावरून यायचा त्या लाकडी पुलावर उभं राहून त्याने जुईला विचारलं, "सांग बघू, रस्ता आधी गोठतो की पूल?"

"रोड?"

"नाही. रस्त्याच्या पोटाखाली जमीन असते, तिच्यात थोडी ऊब असते. पुलाच्या खालून वारा. त्याला दोन्हीकडून थंडी लागते. म्हणून पुलावर नेहमी सांभाळून. जे चमकतं ते टाळायचं, जे करकरतं त्यावर चालायचं."

"करकरतं म्हणजे?"

त्याने गोठलेल्या गवतावर बूट दाबला. कर्रर्र... जुई हरखून गेली. "इट्स क्रंची!"

मृदुला ऐकत होती, पण खरं तर बघत होती. समजावताना त्याचे हात कसे हलतात, ते.

मग तो आठवडा आला. दिवसभर पाऊस पडला आणि संध्याकाळी आभाळ एकदम लख्ख झालं. अशा रात्री ओला रस्ता गोठतो, आणि वर दहिवरही दिसत नाही. नुसता काळा, निसरडा बर्फ. बातम्यांत सारखं तेच सांगत होते. यतीन कामावरून परतताना फाटकाशी थांबला, तेव्हा मृदुला शाल गुंडाळून बाहेर आली.

"उद्या सायकल नको."

"थंडी ओळखते मला. चार वर्षांची मैत्री आहे."

"थट्टा नको, यतीन. बसने जा, चालत जा. सायकल नको."

त्याने हेल्मेट काढलं. हसू होतंच चेहऱ्यावर, पण डोळे हसत नव्हते. "बरं... पण हे तू कोणत्या नात्याने सांगतेस?"

मृदुलाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. अगदी आलं होतं! पण ते बाहेर पडायच्या आधी भीती पुढे झाली.

"शेजारीण म्हणून," ती म्हणाली.

"नदीपलीकडची शेजारीण," तो हळूच म्हणाला. "शेजारणीचं ऐकलंच पाहिजे, असं काही आहे का?"

त्याने हेल्मेट चढवलं आणि निघाला. वळणावर घंटी वाजवली, एकदाच.

रात्री मृदुलाला झोप लागली ती तुकड्यातुकड्यांत. सकाळी ती कप न घेताच खिडकीशी उभी राहिली. रस्ता काळाभोर चमकत होता. जुई चमचा उगारून तयार बसली होती.

घंटीची वेळ झाली. वेळ टळली.

"आत्या, व्हेअर इज द बेल?"

"येईल."

दूध गार झालं. जुईचा चमचा खाली आला. मृदुलाने फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. रागावून दुसऱ्या रस्त्याने गेला असेल का? तसं असलं तर किती बरं! रागावू दे, आयुष्यभर रागावू दे. पण तो लाकडी पूल... खालून वारा... आणि तो माणूस, ज्याला वाटतं थंडी आपल्याला ओळखते.

मदतीला हाक मारायला घरात दुसरं कोणी नव्हतं. जुईला एकटीला ठेवून जाणं शक्य नव्हतं. चालत पुलापर्यंत बराच वेळ लागला असता. सायकलने गेलं तर एखादं गाणं संपायच्या आत पोचता आलं असतं.

"हेल्मेट घाल," ती जुईला म्हणाली.

दोघींनी सायकली फाटकाबाहेर काढल्या. मृदुलाचं पुढचं चाक बोटभर सरकलं, नुसतं हात लावल्यावर. तिने मागे पाहिलं. जुई सीटवर बसली होती. एक लाल बूट पेडलवर, दुसरा जमिनीवर, आणि चेहऱ्यावर पूर्ण विश्वास. आत्या निघाली म्हणजे निघायचं.

"रेडी!" जुई म्हणाली.

यतीन तिथे पडला असेल, तर थंडीत एकेक क्षण जड. आणि ही इथे पडली तर? पुढे पाहिलं तर तो दिसे, मागे पाहिलं तर ही. ज्या रस्त्यावर जाऊ नको म्हणून काल त्याला विनवलं, त्याच रस्त्यावर या पोरीला घालायचं?

"उतर," ती म्हणाली.

"बट यतीनकाका—"

"चालत जाऊ. गवतावरून."

आणि त्या चालल्या. धावताही येत नव्हतं. कर्रर्र... कर्रर्र... गवत पायाखाली मोडत होतं. मृदुलाने जुईचा हात इतका घट्ट धरला होता, की शेवटी जुई म्हणाली, "आत्या, माय फिंगर्स." वाट संपतच नव्हती. नदीवर धुकं होतं. पूल दिसायला लागला तशी तिने पुन्हा फोन लावला.

आणि फोनची रिंग ऐकू आली. इथूनच. पुलाच्या या टोकाकडून.

धुक्यात एक सायकल आडवी पडली होती. तिच्याजवळ जमिनीवर कोणीतरी झोपलेलं होतं, हालचाल नाही; आणि अंगावर पिवळंजर्द जाकीट. रिंग त्या जाकिटातून येत होती.

जुईला मागे धरून मृदुला पुढे सरकली, ओठांतून नुसतं "नाही... नाही..." निघत होतं.

जाकिटाखालून एक पांढरं डोकं वर झालं. "किआ ओरा, डिअर," एक गोऱ्या आजीबाई क्षीण हसून म्हणाल्या. "माझा पाय गं... त्या वेड्या मुलाने स्वतःचा कोट मला दिलाय. त्याचा फोन मघापासून वाजतोय. कोणाला तरी त्याची फारच काळजी आहे वाटतं." 'किआ ओरा' हा इथला माओरी नमस्कार; बाकी सगळं अर्थातच इंग्रजीत.

"मृदुला?"

तो रस्त्याकडून येत होता. नुसत्या स्वेटरवर, ओठ निळे, नाक लाल. उभा! दोन पायांवर उभा! त्याच्या मागून ॲम्ब्युलन्स हळूहळू येत होती. तिला फोन करून बोलावल्यावर फोन कोटातच राहिला होता, आणि तो तिला वाट दाखवायला रस्त्यापर्यंत गेला होता.

आजीबाईंना उचलून आत ठेवलं. जाताना त्यांनी जाकीट परत दिलं. "माझी सायकल सांभाळ हं," त्या म्हणाल्या, आणि मृदुलाकडे बघून डोळा मिचकावला. दार लागलं. ॲम्ब्युलन्स गेली.

मग मृदुला चिडली. भीती संपली की माणसं आधी चिडतातच.

"तुझी सायकल कुठेय?"

"घरी."

"...घरी?"

"चालत निघालो होतो. तुझ्याकडेच येत होतो. शेजारणीने सांगितलं होतं ना, सायकल नको म्हणून." त्याचे दात वाजत होते. "आणि तुझी?"

"घरी," मृदुला म्हणाली. आणि तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "घंटी नाही वाजली... मला वाटलं..."

"घंटी सायकलवर, सायकल घरी. हे लक्षातच आलं नाही गं माझ्या. काय वाटलं तुला?"

तिने आपले लोकरीचे हातमोजे काढले आणि त्याची गारठलेली बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरली. नदीकडे बघत म्हणाली, "काल विचारलंस ना... कोणत्या नात्याने..."

"हं."

"शेजारीण म्हणून नव्हतं ते."

"मग?"

"मग काय... सगळं मीच बोलायचं का?"

यतीनची बोटं तिच्या हातात हळूच वळली. "चार हिवाळे मला कोणी अडवलं नाही, मृदुला. मला वाटायचं, ही मजा आहे. काल तू अडवलंस आणि मी घरी जाऊन सायकलकडे बघत बसलो. वाटलं, असं अडवणारं माणूस रोज असावं. सगळे हिवाळे."

"आणि उन्हाळे?" तिने विचारलं, अगदी हळू आवाजात.

"उन्हाळ्यात सडा टाक. मी पुन्हा पडेन."

ती हसली. तोही हसला.  

जुई मात्र मघापासून दुसऱ्याच विचारात होती. सकाळचं एक काम राहून गेलं होतं. ती करकरत्या गवतावरून, चमकतं ते टाळत, आजीबाईंच्या आडव्या सायकलीपाशी गेली. उकिडवी बसली. अंगठ्याने घंटी वाजवली – ट्रिंग... ट्रिंग. मग कोटाच्या खिशात हात घालून, घरून तसाच आणलेला चमचा तिने बाहेर काढला आणि पुलाच्या कठड्यावर आपटून उत्तर दिलं.