सदस्य बैठकीतून बाहेर गेल्या

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, विकासकामांचे पर्यावरणावरचे परिणाम तपासणाऱ्या समितीत पक्षीअभ्यासक सदस्याने हात वर केला. तळ्यावरून जाणाऱ्या रस्त्याचा प्रस्ताव समोर होता. कुणाचं या प्रकल्पाशी काही नातं आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं होतं. नियमच तसा. आजवर कुणी हात वर केला नव्हता.

“रस्त्याच्या इंजिनिअरशी,” ती म्हणाली.

नकाशा घेऊन उभा असलेला इंजिनिअर गोरामोरा झाला.

“काय नातं?”

“अजून काही नाही. त्यांनी विचारलेलं नाही. पण विचारलं तर... मी नाही म्हणणार नाही.”

नियमाप्रमाणे तिला बाहेर जावं लागलं.

ओळख झाली ती पाहणीच्या दिवशी. तो गुडघाभर चिखलात रुतलेला. “अहवालात इथे कोरडी जमीन आहे म्हणे,” ती काठावरून म्हणाली होती, “मग तुम्ही कशात उभे आहात?” रस्ता बांधणाऱ्या कंपनीचा तो अहवाल भर उन्हाळ्यातला, आटलेल्या तळ्याचा. पुढे हिवाळाभर दर रविवारी तो धुक्यात तिच्या पक्षीमोजणीला येऊ लागला. दुर्बीण एकच, ती देताघेताना बोटं उगाच रेंगाळायची. अगं, पक्षी मोजतेस की त्याला, असं मोठ्या बहिणीने विचारलं तेव्हा तिने विषय बदलला होता.

आता ती बाहेर बाकावर बसली होती. तळ्याची बाजू मांडणारी ती एकटीच. आत उरलं होतं तिचं दोन पानी टिपण: वर्षभर मोजणी करा, मगच परवानगी. आपलं खरं बोलणं तळ्याच्याच मुळावर तर आलं नाही ना?

अकरा चाळीसला दार उघडलं. तोच.

“टिपणाचं काय?” तिने आधी तेच विचारलं.

एवढी मोजणी खरंच लागेल का, असं अध्यक्षांनी त्यालाच विचारलं होतं. लागेल, तो म्हणाला होता. कंपनीचा अहवाल अपुरा आहे, हेही.

“लोक म्हणतील, माझ्यासाठी बोललात.”

“म्हणू देत. माहीत केव्हापासून होतं... बोलायचं धाडस आज झालं.”

त्याच्या खिशात फोन वाजला. कंपनीचे साहेब.

“घ्या ना. नोकरीचा प्रश्न आहे.”

“घेतो. आधी एक विचारायचंय — आत म्हणालात ते...”

“मग विचारा की.”

त्याने विचारलं. ती हो म्हणाली.

बारा वाजून पाच मिनिटांनी आत बैठक चालूच होती. टिपणावर निर्णय झालेला नव्हता, आणि साहेबांचा फोन चौथ्यांदा वाजत होता.